स्क्वीझ बॉटलमध्ये फ्रॉस्टिंग भरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला मी घरच्या घरी केक आणि बिस्किटांच्या सजावटीचे वर्ग घेते. वर्ग संपतो, पण प्रश्न संपत नाहीत. ते रात्री अकराला फोनवर येतात, आणि बहुतेक वेळा विचारणारीच्या हातात त्या क्षणी बाटली असते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. फ्रॉस्टिंग हा शब्द मी सैलपणे वापरते: बटर आणि साखर फेटून केलेलं बटरक्रीम, चॉकलेट आणि क्रीमचं गनाश, साखरेचं आयसिंग, सगळं त्यात आलं.

१. ताई, पायपिंग बॅग (क्रीम दाबून काढायची कोनासारखी पिशवी) असताना बाटली कशाला?

दोघींची कामं वेगळी आहेत. गुलाब, वेटोळी, केकच्या कडेची झालर हे घट्ट क्रीमचं काम, आणि ते बॅगेनेच करावं. बाटली लागते ती वाहत्या गोष्टींसाठी: नाव लिहायला, ठिपके द्यायला, बिस्किटावर आयसिंगचा गुळगुळीत थर पसरायला, केकच्या कडेवरून चॉकलेटचे ओघळ सोडायला. सॅण्डविचवाल्याच्या गाडीवर केचपची बाटली बघा. एका हाताने उचलली, तीन रेघा मारल्या, ठेवून दिली. बॅग अशी खाली ठेवता येत नाही, ती लवंडते आणि टोकातून गळत राहते. शिवाय बाटलीला झाकण असतं, म्हणून मध्येच दाराची बेल वाजली तरी आयसिंग सुकत नाही.

२. कुठली बाटली घेऊ आणि मुंबईत कुठे मिळेल?

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांत केकच्या सामानाची दुकानं आहेत. सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. ऑनलाइनही मिळतात, पण पहिली बाटली हाताने दाबून बघून घ्यावी असं माझं मत आहे. दाबली की सहज दबली पाहिजे आणि सोडली की लगेच मूळ आकारात आली पाहिजे. कडक बाटलीने अर्ध्या तासात मनगट दुखायला लागतं, आणि दुखऱ्या मनगटाने सरळ रेघ येत नाही.

नावं आणि बारीक नक्षीसाठी ५० ते ६० मिलीची, ओघळ आणि थरांसाठी २५० मिलीची, एवढ्या दोन मापांवर माझं सगळं काम चालतं. तोंड जितकं रुंद तितकं भरणं आणि धुणं सोपं. तळाशी त्रिकोणातला ४ हा आकडा मऊ, दाबता येणाऱ्या प्लास्टिकचा असतो. पण तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. अन्नासाठी योग्य असल्याची खूण वेगळी, पेला आणि काट्याच्या चित्राची. ती नसेल तर बाटली घेऊ नका.

३. केचपची रिकामी बाटली धुऊन वापरली तर?

नका वापरू. व्हिनेगर आणि मसाल्याचा वास प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो आणि लोणी वास फार पटकन धरतं. तुम्हाला नाकाने कळणार नाही, पण खाणाऱ्याला व्हॅनिलाच्या मागून केचप लागेल. केसांचं तेल, मेंदी, रंग अशा कशाच्याही बाटलीचा तर विचारही नको, ती कितीही चकचकीत धुतलेली असो.

४. कुठलं फ्रॉस्टिंग बाटलीत चालतं आणि कुठलं नाही?

साखरेचं आयसिंग, गनाश, वितळवलेलं चॉकलेट, दुधाने सैल केलेलं बटरक्रीम, ग्लेझ म्हणजे वरून द्यायचा पातळ चकचकीत लेप, फळांचा गाळलेला सॉस हे सगळं छान चालतं. बटर आणि आयसिंग शुगर एकास दोन प्रमाणात घेऊन केलेलं घट्ट बटरक्रीम चालत नाही. ते बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि तुम्ही नुसतीच हवा दाबत राहता. क्रीम चीज बेताने चालतं, कारण साखर मिसळली आणि जास्त फेटलं की ते आपोआप सैल होतं, त्यामुळे त्यात वेगळं दूध घालू नका. व्हिप क्रीमचं उत्तर १४ मध्ये आणि चक्क्याचं १७ मध्ये आहे.

५. नेमकं किती पातळ करायचं? दर वेळी चुकतंय.

चुकतं, कारण आपण चमच्यांत मोजतो. दूध किती लागेल हे बटर किती गार आहे आणि साखर किती बारीक आहे यावर ठरतं, म्हणून माप डोळ्यांनी घ्यावं. चमचा भरून उचला आणि फ्रॉस्टिंग परत भांड्यात सोडा. वर पडलेली घडी १० ते १५ सेकंदांत सपाट झाली, तर ते बिस्किटावर पसरण्याजोगं आहे. घडी विरघळत नाही पण तिचं टोक मान टाकल्यासारखं वळतं, तर ते लिहिण्याजोगं. टोक ताठ उभं राहिलं तर बॅगेचं काम, बाटलीत भरू नका.

अंदाजासाठी: १०० ग्रॅम बटर आणि २०० ग्रॅम आयसिंग शुगरच्या बटरक्रीमला लिहिण्याइतकं सैल करायला मला साधारण २ मोठे चमचे दूध लागतं. बिनअंड्याच्या आयसिंगला २०० ग्रॅम आयसिंग शुगर, २ मोठे चमचे दूध आणि एक लहान चमचा लिक्विड ग्लुकोज घेऊन सुरुवात करा. पुढचं दूध थेंबाथेंबानेच. चमचाभर दूध जास्त झालं तर ते आवरायला मूठभर साखर लागते आणि मग गोडी सोसवत नाही.

६. बाटली भरायची कशी, पहिल्यापासून सांगाल का?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. नक्षी वाकडी आली की आपण हाताला दोष देतो. मी मात्र आधी विचारते, बाटली कशी भरली होती? कारण निम्मी नक्षी भरतानाच बिघडलेली असते.

फ्रॉस्टिंग तयार झालं की दहा मिनिटं झाकून ठेवा. मग चमचा उलटा धरून भांड्याच्या कडेला दाबत सावकाश ढवळा. फेटताना शिरलेली हवा बारीक बुडबुड्यांनी वर येऊन फुटताना दिसेल. साखरेचं आयसिंग असेल तर ते या वेळी बारीक चाळणीतून गाळून घ्या. हा टप्पा गाळलात तर प्रश्न ९ तुमच्या वाट्याला येणार.

आता एक उंच पेला घ्या, त्यात झिपची नवी पिशवी सोडा आणि तिच्या कडा पेल्यावरून बाहेर दुमडा. फ्रॉस्टिंग त्यात ओता, पिशवी वर काढा, हवा काढून बंद करा आणि सगळं फ्रॉस्टिंग एका कोपऱ्याकडे सरकवा. बाटली जड स्टीलच्या पेल्यात उभी करा, म्हणजे तिला धरायला तिसरा हात लागत नाही. पिशवीचा कोपरा पाऊण-एक सेंटिमीटर कापा आणि पिशवी बाटलीच्या तळापर्यंत घाला. तळाशी दाबायला सुरुवात करा. फ्रॉस्टिंग वर चढेल तशी पिशवी वर घ्या, पण तिचं टोक सतत फ्रॉस्टिंगमध्ये बुडालेलं राहू द्या. टोक वर अधांतरी राहिलं की फ्रॉस्टिंग घड्या पडत खाली येतं आणि प्रत्येक घडीत हवा अडकते. टोक बुडालेलं असलं की वर चढणारं फ्रॉस्टिंग हवेला आपल्यापुढे ढकलत बाहेर काढतं.

पाऊण बाटली झाली की थांबा. ओट्यावर चार घड्यांचा नॅपकिन ठेवून त्यावर बाटली आठ-दहा वेळा आपटा. तोंडाचे आटे ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. का, ते १९ मध्ये सांगितलं आहे. झाकण घट्ट लावा, टोकाची टोपी लावा आणि बाटली पेल्यात उलटी करून दहा मिनिटं ठेवा. लिहायला घेण्याआधी पहिली धार ताटलीत सोडा. फुसफुस थांबून सलग रेघ आली की बाटली तयार.

७. झिपची पिशवी नाही, दुसरा काही उपाय?

रुंद तोंडाच्या बाटलीत फनेलने ओतता येतं, पण फक्त पातळ आयसिंग आणि कोमट गनाश. अगदी पातळ ग्लेझ असेल तर झाकण काढून रिकामी बाटली दाबा, तोंड ग्लेझमध्ये बुडवा आणि हात सैल सोडा, बाटली आपणहून ओढून घेईल. बटर पेपरचा कोन करूनही भरता येतं. मेंदीचा कोन वळता येत असेल तर हा जमेलच. दुधाची पिशवी मात्र वापरू नका. कितीही धुतली तरी तिच्या शिवणीत दूध राहतं.

८. मध्येच 'फट्' आवाज होऊन शिंतोडे उडतात. काय चुकतंय?

आत हवेचा गोळा आहे. भरताना राहिला असेल तर उत्तर ६ प्रमाणे पुन्हा आपटून, उलटी ठेवून बघा. पण बऱ्याचदा ही हवा नंतर शिरलेली असते. बाटली दाबून सोडली की ती फुगते आणि टोकातून हवा आत ओढते. त्या वेळी टोक वर असेल तर हवा फ्रॉस्टिंगच्या मध्ये अडकते. म्हणून दोन अक्षरांच्या मध्ये बाटली सरळ करू नका. टोक खालीच ठेवा, टोपी लावा, उलटी पेल्यात ठेवा. माझ्या ओट्यावर सगळ्या बाटल्या पेल्यांत उलट्याच उभ्या असतात.

बाटली अर्ध्याहून रिकामी झाली की हा त्रास वाढतो. महत्त्वाचं नाव लिहायचं असेल तर ते भरलेल्या बाटलीने आधी लिहा आणि ठिपके नंतर द्या.

९. टोक सारखं चोंदतंय. टाचणी घालून घालून कंटाळले.

साखरेचा रवा राहिलाय. मिक्सरमध्ये घरी दळलेली साखर हाताला पिठासारखी लागते, पण दीड मिलिमीटरच्या भोकाला तिचा एक कण पुरतो. विकतची आयसिंग शुगर वापरा, नाहीतर एक वाटी साखर आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर एकत्र दळून दोनदा चाळा, आणि दुसऱ्यांदा मलमलच्या फडक्यातून. पावसाळ्यात उघड्या पाकिटातल्या आयसिंग शुगरच्या गुठळ्या होतात, तेव्हा तीही चाळायची.

दुसरं कारण म्हणजे टोकावर सुकलेलं आयसिंग. पंख्याखाली ते दोन-तीन मिनिटांत कडक होतं. पेल्याच्या तळाशी ओला स्पंजचा तुकडा ठेवा आणि टोपी नसेल तेव्हा टोक त्यावर टेकवा. टाचणीने अडकलेला कण आतच ढकलला जातो आणि परत येतो. त्याऐवजी झाकण काढून टोक गरम पाण्याखाली धरा, पूर्ण कोरडं करा, मग लावा.

१०. टोकाचं भोक किती मोठं कापायचं?

आधी जितकं कापावंसं वाटतं त्याच्या निम्मं. कात्रीने तिरकं नको, धारदार पातीने सरळ आडवं कापा, तिरक्या टोकातून धार एका बाजूला वळते. नावासाठी दीड ते दोन मिलिमीटर पुरतं. काही बाटल्यांना कपलर म्हणजे जोडकडी लावून धातूचे नोझल, म्हणजे निमुळती टोकं, बसवता येतात. त्यात लिहायला २ किंवा ३ नंबरचा गोल नोझल घ्या. माझ्याकडे एकाच मापाच्या बाटल्यांना तीन वेगवेगळी कापलेली झाकणं आहेत आणि प्रत्येकावर मार्करने खूण आहे.

११. मे महिन्यात बाटलीतलं बटरक्रीम पाणी-पाणी होतं. साखर वाढवू का?

आधी ते का सैल झालंय ते बघा. तेलकट चकाकी आली असेल तर बटर वितळतंय. दिसायला मंद पण वाहतंय, तर दूध जास्त झालंय. पहिल्यावर साखर हा उपाय नाही, गारवा आहे. बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. मुंबईत मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघर तिथवर पोचलेलंच असतं आणि वर आपला तळहात.

म्हणून एका रंगाच्या दोन छोट्या बाटल्या भरा. एक हातात, एक फ्रिजमध्ये, दहा-दहा मिनिटांनी अदलाबदल. बाटली मुठीत आवळून धरू नका, तीन बोटांनी वरच्या भागात धरा. मध्ये थांबलात तर गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं बाटलीभोवती गुंडाळा. वितळून फुटलेलं बटरक्रीम भांड्यात काढून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटलं की बहुतेक वेळा सावरतं. उन्हाळ्यात दुपारच्या कार्यक्रमासाठी मी बटरक्रीमचं नाव लिहीतच नाही, गनाशने लिहिते.

१२. फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली दगड झाली. मायक्रोवेव्ह करू?

नको. मऊ प्लास्टिकमध्ये बटर किंवा चॉकलेट तापवलं की कडेचं उकळतं, मधलं गारच राहतं आणि बाटली वाकडी होते. धातूचा नोझल असेल तर मुळीच नको. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बाटली मानेपर्यंत ठेवा, टोपी घट्ट हवी. पाच मिनिटांनी दोन्ही तळहातांत लाटण्यासारखी फिरवा, परत ठेवा. बटरक्रीम या उपायाने थोडं दाणेदार झालं तर बाहेर काढून फेटावं लागेल.

१३. चॉकलेट बाटलीत भरलं आणि त्याचा चिखल झाला. असं का?

पाण्याचा थेंब. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी गेलं तर ते कदाचित सावरेल, पण थेंबभर गेलं तर ते आवळून दाणेदार गोळा होतं. त्या थेंबाने कोको आणि साखरेचे कण एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात आदल्या दिवशी धुतलेली बाटलीही आतून ओलसर असते, विशेषतः टोकाच्या आतल्या निमुळत्या भागात. तिथे डोळा पोचत नाही. टिश्यूची वात करून टोकात घाला आणि फिरवा, ओल आली तर दिसेल. फ्रिजमधून काढलेल्या गार बाटलीत लगेच चॉकलेट भरू नका, तिला आतून घाम येतो.

काम चालू असताना बाटली ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात उभी ठेवता येते. बाहेर काढली की प्रत्येक वेळी पुसून मगच केकवर न्या, नाहीतर बाहेरचा थेंब ओघळून नक्षीवर पडतो. ओघळांसाठी नुसत्या चॉकलेटपेक्षा गनाश बरं: डार्क चॉकलेट आणि फ्रेश क्रीम समान वजनाने. आयसिंगसाठी वापरलेल्या बाटल्या आणि चॉकलेटच्या बाटल्या वेगळ्या ठेवा. अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग करत असाल तर हे नक्कीच पाळा, कारण तुपट अंश त्याचा फेस बसवतो.

१४. व्हिप क्रीम बाटलीत भरता येईल का?

येईल, पण त्यातली हवा दाबली जाते आणि ते चपटं निघतं. ठिपक्यांना ठीक, फुलांना नाही. पूर्ण घट्ट फेटण्याच्या जरा आधी थांबा, गार केलेल्या बाटलीत भरा आणि लगेच वापरा. दुकानात डब्यातली फ्रेश क्रीम मिळते, तिच्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. ती फेटून उभी राहत नाही. ती गनाशसाठी घ्या.

१५. आयसिंगला हवा तसा गडद रंग येत नाही.

जेल रंग घ्या, पाण्याचे रंग आयसिंग पातळ करतात. आणि धीर धरा, बटरक्रीमचा रंग तासाभरात आपणहून गडद होतो. लाल आणि काळा हट्टाने वाढवत गेलात तर कडू लागतं. काळ्यासाठी कोको घालून आधी तपकिरी करा, मग रंग फार कमी लागतो. सगळ्या बाटल्या भरण्याआधीच रंग ठरवा, भरलेल्या बाटलीत रंग ढवळता येत नाही.

१६. केकवर मराठीत नाव लिहायचंय. इंग्रजी जमतं, देवनागरी फिसकटतं.

हा प्रश्न मला फार आवडतो. आजीच्या केकवर 'हॅपी बर्थडे' रोमन लिपीत असतो आणि आजी चष्मा शोधत बसते. तिला तिच्या अक्षरांत तिचं नाव दिसलं पाहिजे.

देवनागरी फिसकटतं कारण आपण वहीत लिहितो तसं लिहायला जातो. बाटलीचा नियम वेगळा आहे. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला, जिथे टोक टेकतं तिथे, एक छोटा गोळा बनतो. मग असं करा: टूथपिकने केकवर शिरोरेषेची हलकी खूण ओढा. अक्षरं मोजा, मधलं अक्षर केकच्या मध्यावर लिहा, मग त्याच्या उजवीकडची आणि डावीकडची. 'सुलोचना'मध्ये चार अक्षरं, म्हणजे मध्य लो आणि च यांच्या मध्ये येतो. प्रत्येक अक्षर त्या खुणेपासून खाली सोडा, शिरोरेषा अजिबात ओढू नका. सगळी अक्षरं झाली की एका दमात डावीकडून उजवीकडे शिरोरेषा घ्या. वरचे सगळे गोळे तिच्याखाली झाकले जातात. वेलांट्या, मात्रा, रफार त्यानंतर.

रेघ ओढताना टोक केकला टेकवून घासू नका. टेकवा, दाबा, धार सुरू झाली की अर्धा सेंटिमीटर वर उचला आणि धार खाली पडू द्या. रांगोळीची चिमूट जशी जमिनीपासून वर असते तशी. वळणदार क, ळ, श यांना याच उंचीमुळे गोलाई येते. अनुस्वाराच्या ठिपक्यासाठी दाबा, दाबणं थांबवा, आणि मग टोक जरासं गोल फिरवून उचला. दाबतच उचललं तर ठिपक्याला शेंडी राहते.

जोडाक्षरांना जागा सोडा. शुद्धलेखन कागदावर आधी लिहून घ्या आणि कागद केकच्या वर टेकवून ठेवा. 'हार्दिक'मधली वेलांटी पहिली. 'शुभेच्छा'मध्ये च्छ, नुसता छ नाही. किती केकवर 'शुभेछा' बघितलंय! अर्ध्या किलोच्या केकवर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' मावत नाही, तिथे नुसतं नाव लिहा आणि तेच मोठं, सुंदर लिहा. सरावासाठी स्टीलचं ताट उपडं करा, त्यावर लिहा, चमच्याने खरवडून परत बाटलीत भरा. एका बाटलीत वीस वेळा सराव होतो.

१७. श्रीखंड किंवा चक्का भरून ठिपके देता येतील?

देता येतात आणि टार्टवर, फळांच्या वाटीवर फार सुरेख दिसतात. चक्का मात्र रात्रभर टांगून पूर्ण निथळलेला हवा. पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. साखरेने चक्का सैल होतो, म्हणून आधी त्याचा घट्टपणा बघा आणि लागली तरच साय घाला. वेलचीची पूड वस्त्रगाळ, केशर दुधात खलून. चारोळी किंवा काजूचा तुकडा गेला की टोक बंद. बाटलीत तासाभराने पाणी सुटू लागतं, त्यामुळे भरा आणि लगेच वापरा. वाढायच्या अर्धा तास आधीच ठिपके द्या.

१८. अंडं चालत नाही, आणि एकदा उपवासही होता. काय बघायचं?

आयसिंगसाठी विकत मिळणाऱ्या मेरिंग पावडरमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. उत्तर ५ मधलं दुधाचं आयसिंग वापरा. तयार टॉपिंग, रंग, मार्शमॅलो घेताना हिरवा ठिपका बघा. जिलेटिन शाकाहारी नाही. उपवासाचा मुद्दा आयसिंग शुगरचा आहे, त्यात बहुतेक वेळा कॉर्नस्टार्च असतो. घरी साखर दळून, मलमलमधून चाळून लगेच वापरा. आणि ज्यांच्यासाठी करताय त्यांना आधी विचारा, प्रत्येक घरचे नियम वेगळे असतात.

१९. दाबता दाबता झाकणच निघालं!

माझ्या हातून हे झालं आहे. एका पंचाहत्तरीचा केक, गनाशने नाव लिहीत होते, शेवटचं अक्षर राहिलं होतं. आट्यांमध्ये गनाशचा पातळ थर होता. हाताच्या उबेने तो निसरडा झाला आणि झाकण नि पाव वाटी गनाश एकदम केकवर आलं. मी ते खरवडलं, पूर्ण वरचा थर गनाशचाच केला आणि पांढऱ्या आयसिंगने नाव पुन्हा लिहिलं. दीड तास गेला. तेव्हापासून आटे दोनदा पुसल्याशिवाय झाकण लावत नाही. झाकण लावल्यावर बाटली ताटलीवर उलटी धरून एकदा जोरात दाबा. निघायचं असेल तर तिथे निघेल.

बाटली पाऊणच भरायची त्याचंही हे एक कारण. गच्च भरली की झाकण लावतानाच फ्रॉस्टिंग आट्यांत शिरतं.

२०. सोसायटीतल्या मुलांकडून बिस्किटं सजवून घ्यायची आहेत. बाटल्या चालतील?

बॅगेपेक्षा कितीतरी चांगल्या. ६० मिलीच्या बाटल्या अर्ध्याच भरा, मुलांच्या मुठीत बसतात आणि सांडलं तरी थोडं सांडतं. टोकाचं भोक तीन मिलिमीटर ठेवा, नाहीतर मुलं जोर लावतात आणि उत्तर १९ घडतं. आयसिंग दुधाऐवजी पाण्याने सैल करा, म्हणजे दोन तास बाहेर राहिलं तरी काळजी नाही. छोटी टोपी मोजून परत घ्या. अगदी लहान मुलं ती तोंडात घालतात.

२१. उरलेलं फ्रॉस्टिंग बाटलीतच ठेवलं तर किती दिवस टिकेल?

मी बटरक्रीम आणि गनाश फ्रिजमध्ये आठवड्याच्या आत संपवते, व्हिप क्रीम दोन दिवसांत, चक्का दुसऱ्या दिवशी. क्रीम किंवा चक्क्याची बाटली ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिली असेल, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात एक तासापेक्षा जास्त, तर ठेवू नका. एका रात्रीपेक्षा जास्त ठेवायचं असेल तर बाटलीतून काढून काचेच्या डब्यात ठेवा. टोकाशी हवा लागून साखर खडा होते, आणि बाटलीचं प्लास्टिकही फ्रिजमधला कांद्या-लसणाचा वास आत घेतं.

२२. बाटली धुवायची कशी? चिकटपणा जात नाही.

आधी उरलेलं फ्रॉस्टिंग टिश्यूने पुसून काढा. ते बेसिनमध्ये सोडलं तर बटर पाइपात गोठतं. मग गरम पाणी, उकळतं नाही, मऊ बाटली उकळत्या पाण्याने आक्रसते. भांड्यांचा साबण दोन थेंब, अर्धी बाटली पाणी, चमचाभर कच्चे तांदूळ, झाकण लावून जोरात हलवा. तांदूळ कोपरे खरवडतात आणि प्लास्टिकला चरे पाडत नाहीत. टोकातून साबणाचं पाणी दाबून काढा, तसंच साधं पाणी दोनदा. सुकवताना बाटली आणि झाकण वेगळे, उलटे, जाळीवर. पावसाळ्यात पूर्ण दिवस लागतो. घाई असेल तर केस सुकवायच्या यंत्राची गार हवा द्या.

२३. केक लोकलने न्यायचा आहे. नाव आधी लिहू की तिथे जाऊन?

बटरक्रीमचं नाव आधी लिहा आणि केक किमान दोन तास फ्रिजमध्ये गार करून मगच डब्यात भरा. ओघळ आणि ठिपकेही आधी. साखरेच्या आयसिंगचं नाव गार केकवर लिहून फ्रिजमध्ये ठेवलं तर बाहेर काढल्यावर त्यावर घाम येतो आणि रंग पसरतो, म्हणून ते तिथे जाऊन लिहा. छोटी बाटली सोबत न्या: टोपीच्या आत क्लिंग फिल्मचा तुकडा दाबून झाकण लावा, बाटली झिपच्या पिशवीत, पिशवी एका स्टीलच्या डब्यात, आणि डबा पर्समध्ये उभा. गर्दीच्या वेळेला जाऊ नका. जमलं तर अकरा ते चारच्या मधली गाडी पकडा, केकचा डबा मांडीवर घ्या, वरच्या रॅकवर नको. उतरल्यावर बाटली पेल्यात दहा मिनिटं उलटी ठेवा, पहिली धार ताटलीत सोडा, मगच केकवर न्या.